बुकशेल्फ स्पीकरला सबवूफर जोडायचाय, क्रॉसओव्हर किती ठेवू आणि सब कुठं ठेवू?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, इथलं बरेच दिवस वाचायलोय, आज विचारतोय. माझ्याकडं साधा दोन चॅनलचा इंटिग्रेटेड अँप आहे, क्लास एबी, ५० वॅटचा, मागं सब आउट नाही, प्री आउट नाही (सबला किंवा दुसऱ्या अँपला सिग्नल द्यायची जागा), फक्त स्पीकरचे टर्मिनल. स्पीकर बुकशेल्फ, ५ इंची वूफर, पोर्ट (हवा जायचं भोक) मागच्या बाजूला, कागदावर ६० हर्ट्झपर्यंत लिहिलंय. लॅपटॉपवरून डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारी डबी) आणि तिथून अँप. ऐकतो ते शास्त्रीय, अभंग, आणि जुनी मराठी हिंदी गाणी. मोठा आवाज करून घर हलवायचं नाहीये मला, मिरवणुकीतला दणका तर अजिबात नको, पण तंबोऱ्याचा खर्ज आणि पखवाजाची धुमाची बाजू कानाला पूर्ण लागत नाही, ती हवीय.

घर रो हाउस आहे, हॉल १६ बाय ११ फूट, स्लॅब १० फुटावर, खाली शहाबादी फरशी, एक भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच. मी बसतो ते मागच्या कोपऱ्यातल्या दिवाणावर. एका मित्राचा १० इंची पोर्टवाला सब आठवडाभरासाठी आणलाय, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला कारण प्लग तिथंच आहे. आता होतंय असं की काही सुरांवर एकदम फुगतंय आणि त्याच्या शेजारच्या सुरावर बास गायबच होतोय. तबल्यात डग्ग्यावर तळहात घासत आवाज वर चढवतात ना, तो चढताना मधेच एका जागी ढुम्म करून फुगतो आणि पुढं परत बारीक होतो. शोकेसची काच पण थरथरायलीय, बायको म्हणतेय हे परत देऊन टाका.

नव्या पेठेतल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले सबचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबनं वाजवायचे ती मर्यादा) १२० हर्ट्झवर ठेवा आणि स्पीकरच्या वायरीत एक कपॅसिटर टाका, छोट्या स्पीकरला बास जाऊ देऊ नका. एक जण म्हणतोय सब बिब सोडा, टॉवर स्पीकर घ्या. काय करू सांगा.

सोल्डरगन

मालक, आधी जोडणी नीट करून घ्या, बाकीचं नंतर. सब आउट नाही म्हणून अडत काही नाही. सबच्या मागं स्पीकर लेव्हल किंवा हाय लेव्हल इनपुट लिहिलेलं आहे का बघा. असेल तर अँपच्या ज्या टर्मिनलवरून स्पीकरला वायर गेलीय त्याच टर्मिनलवरून दुसरी वायर सबला न्यायची, डावं उजवं आणि प्लस मायनस सांभाळून. सबच्या इनपुटचा रोध हजारो ओहममध्ये असतो त्यामुळं अँपवर काही लोड येत नाही, करंट जवळपास शून्य, जाड वायर पण लागत नाही. आणि अँपचा व्हॉल्यूम कमी जास्त केला की सब आपोआप बरोबर येतो. जोडताना अँप आणि सब दोन्ही बंद, प्लग काढून, हे विसरू नका.

एकच सावधगिरी, तुमचा क्लास एबी आहे म्हणून बहुतेक अडचण नाही पण दुसरा कुणी वाचत असेल तर सांगतो, बऱ्याच क्लास डी अँपमध्ये स्पीकरची मायनस बाजू ग्राउंड नसते, तिथं पण सिग्नल असतो, ब्रिज्ड म्हणतात त्याला. तसल्या अँपच्या मायनसला सबचं ग्राउंड जोडलं तर अँप जाऊ शकतो. मॅन्युअल बघितल्याशिवाय वायर लावायची नाही.

जोडल्यावर घूं असा हम आला तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा असतो, ग्राउंड लूप. अँप आणि सब एकाच बोर्डावरून चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच जातो. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो.

आता १२० चं. १२० वर ठेवलं की पुरुष गायकाचा आवाज सबमध्ये शिरतो. गवई दोन स्पीकरच्या मधे बसलेला वाटायला पाहिजे तो टीव्हीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून होम थिएटरवाले ८० धरतात. तुमचे स्पीकर आत्ता पूर्ण वाजतायत आणि ६० पर्यंत खाली जातायत, म्हणजे सबचा नॉब ६० च्या आसपासपासून सुरू करायचा आणि हळूहळू वर आणत बघायचं. कपॅसिटरबद्दल सविस्तर लिहितो, रात्री.

खर्जवाला

जोडणी बिडणी होईल हो, खरा प्रॉब्लेम खोलीचा आहे आणि तो सब बदलून जाणार नाही, म्हणून परत द्यायची घाई करू नका.

एक सोपा हिशोब सांगतो. ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. १६ फुटांना ३५, ११ फुटांना ५१, १० फूट उंचीला ५६. या तीन जागी तुमची खोली स्वतः घुमते, समोरासमोरच्या दोन भिंतींत लाट अडकून उभी राहते. लांबीची दुप्पट म्हणजे ७१ ला परत एकदा. ५१ आणि ५६ तर एकमेकांना चिकटून आहेत. म्हणून जुन्या गाण्यातला बास गिटार या पट्टीत आला की फुगणार, पुढं सरकला की बसणार. डग्गा चढताना पण बहुतेक ७१ च्या तिथून जात असणार, तिथंच तुम्हाला ढुम्म येतंय. (उन्हाळ्यात आपल्याकडं ४० च्या वर पारा गेला की हवेतला आवाजाचा वेग वाढतो आणि हे आकडे एखादा दीड हर्ट्झ वर सरकतात, पण त्याची काळजी नको.)

आता गंमत अशी की या लाटांचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि कोपऱ्यात तर तिन्ही एकत्र येतात. तुमचा सब कोपऱ्यात, तुम्ही पण कोपऱ्यात. म्हणजे खोलीचं प्रत्येक घुमणं पूर्ण ताकदीनं पेटवलंय आणि पूर्ण ताकदीनंच ऐकताय. दिवाण दोन अडीच फूट पुढं आणि बाजूच्या भिंतीपासून सुटा करता आला तर बघा, पैसे न घालता होणारा सगळ्यात मोठा फरक तोच असणार आहे. अगदी मधोमध पण बसू नका, लांबीच्या बरोबर मध्यावर ३५ हर्ट्झ गायब होतो, आणि गायब झालेली जागा नॉब फिरवून भरून निघत नाही, कितीही वॅट ओता.

सबची जागा शोधायची रीत अशी. सब उचलून दिवाणावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बास गिटार वरखाली फिरणारं एखादं गाणं लावा आणि तुम्ही गुडघ्यावर बसून भिंतीकडेनं हळूहळू फिरा, कान सबच्या उंचीवर. जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतील, एकही फुगणार नाही, एकही बुडणार नाही, तिथं खूण करा, सब तिथं ठेवायचा. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो म्हणून हे जमतं. माझा अंदाज सांगू? तुमच्या हॉलमध्ये समोरच्या ११ फुटी भिंतीच्या मध्याजवळ चांगली जागा सापडेल. मध्यावर ठेवलेला सब रुंदीचा ५१ वाला घूम पेटवतच नाही.

तंबोऱ्याचं पण सांगतो कारण तुम्ही खर्ज म्हणालात. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार ६९ वर. तुमचे स्पीकर कागदावर तिथं पोचतायत, पण तंबोऱ्याचा मूळ सूर मुळातच नाजूक असतो, जवारीमुळं (घोडीवर तारेला आणलेल्या झंकारामुळं) वरचे स्वर जास्त बोलतात. सब नीट बसला की तंबोरा मोठा होत नाही, त्याच्या भोपळ्यातली हवा जाणवायला लागते. सब लावलाय हे ऐकू यायला लागलं तर तो जास्त झालाय समजा. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, चालू असताना लक्षात यायला नको.

होटगी_रोड

वरचं सगळं पटलं, फक्त एक मुद्दा. शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे म्हणतायत त्याचं कुणी बोललंच नाही. बास भिंतीतून जातोच, हवेतून पण आणि बांधकामातून पण. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड टाकला तर फरशी, शोकेस, मांडणीवरचे डबे यांची थरथर कमी होते, पण हवेतून भिंतीला लागणारा बास त्यानं थांबत नाही. सामाईक भिंतीपासून सब जितका लांब तितकं बरं. आणि भिंतीला चादर लावा असं कुणी सांगेल, आपल्या सोलापुरात चादरींना तोटा नाही, लावा हवं तर, टाळीचा खणखणाट कमी होईल, शहाबादी फरशीच्या खोलीत त्याचा फायदाच आहे. पण ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, चादर तिला दिसत पण नाही. बास शोषायला कोपऱ्यात चांगली जाडजूड कापसाची गादी गुंडाळून उभी करावी लागते, आणि ती पण सगळ्यात खालच्या सुरांना फार काही करू शकत नाही.

टॉवरचं म्हणाल तर माझं मत साफ नाही. टॉवर जिथं ठेवाल तिथूनच बास येणार, आणि गायकासाठी चांगली जागा ती बासासाठी चांगली असतेच असं नाही. सब वेगळा असला की दोघांना आपापली जागा देता येते. छोट्या खोलीत मी तर सीलबंद पेटीवाला सब घेईन, पोर्टवाला नाही. सीलबंद खाली जाताना ऑक्टेव्हला (एका सप्तकाला) १२ डेसिबलनं उतरतो, पोर्टवाला २४ नं. लहान खोली अगदी खालच्या सुरांना स्वतःच थोडी उचल देते, सीलबंदचा उतार त्याच्याशी बरा जुळतो.

सोल्डरगन

कपॅसिटरचं लिहितो म्हणालो होतो. दुकानदाराचा विचार चुकीचा नाहीये, फक्त रस्ता चुकीचा आहे. छोट्या वूफरवरचा बासचा भार काढला तर तो खरंच मोकळा होतो. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, ८० ला एक मिलिमीटर हलत असेल तर ४० ला चार. हे हलणं वाचलं की त्याच वूफरमधून येणारा गळा स्वच्छ होतो, मी माझ्या घरी ऐकलंय, फरक बारीक नाही.

पण स्पीकरच्या वायरीत कपॅसिटर टाकून ते नीट होत नाही. हिशोबानं ८ ओहम आणि ८० हर्ट्झला साधारण २५० मायक्रोफॅरड येतो, एवढा मोठा म्हणजे बायपोलर इलेक्ट्रोलिटिक घ्यावा लागणार. आणि मुख्य म्हणजे स्पीकर ८ ओहमचा असतो फक्त पेटीवरच्या स्टिकरवर. बासच्या पट्टीत त्याचा रोध डोंगरासारखा वर खाली जातो, पोर्टवाल्याला तर दोन शिखरं असतात. मग कपॅसिटर कुठं कापतोय आणि किती कापतोय ते कुणीच सांगू शकत नाही, उलट एखाद्या ठिकाणी नवीनच फुगवटा येईल. प्री आउट आणि मेन इन (पॉवर अँपचं वेगळं इनपुट) असलेला अँप असता तर गोष्ट वेगळी, पॉवर अँपच्या तोंडाशी ४७ किलोओहम धरला तर ८० हर्ट्झला ०.०४२ मायक्रोफॅरडचा चिमुकला फिल्म कपॅसिटर पुरतो, आणि तिथला रोध स्थिर असतो त्यामुळं हिशोब खरा ठरतो.

तुमच्या अँपला दोन मार्ग. एक फुकटचा. स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा घट्ट बसवा, हवा जायला नको. स्पीकर जवळपास सीलबंद होतो, बास थोडा आधीपासून उतरायला लागतो पण हळू, ऑक्टेव्हला १२ नं, आणि त्या उताराशी सब जुळवणं पुष्कळ सोपं जातं. मग सबचा नॉब थोडा वर, ७० ते ८० कडं.

दुसरा पैशाचा. डॅक आणि अँपच्या मधे मिनीडीएसपीसारखा डिजिटल क्रॉसओव्हर. एक जोडी अँपला, एक वायर सबला. त्यात लिंक्विट्झ रायली २४ डेसिबलचा फिल्टर निवडायचा, दोन्हीकडं ८०. झिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांचं काम आहे ते, १९७६ चं. त्यात क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये (दोन्हींच्या लाटा एकाच वेळी वर खाली), म्हणून बेरीज सपाट येते, ना खड्डा ना टेकडी. पण लक्षात घ्या, या पद्धतीत अँपचा व्हॉल्यूम फिरवला तर सब मागं पडणार किंवा पुढं जाणार, कारण सबचा सिग्नल अँपच्या आधीच फुटलाय. अँप एका जागी ठेवायचा आणि व्हॉल्यूम लॅपटॉपवर किंवा डॅकवर करायचा.

आणि फेज. सबच्या मागं ० आणि १८० चं बटण असेल. क्रॉसओव्हरच्या आसपासचा एक सूर, समजा ६५ हर्ट्झ, फोनवरच्या टोन अॅपमधून लावा, तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बटण बदलायला सांगा. ज्यात आवाज मोठा येईल ते बरोबर.

जुळे_सोलापूरकर

अण्णा लोक, खरंच मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. रविवारी सगळं हलवलं. दिवाण पुढं आणला (आईला पटवावं लागलं), सब दिवाणावर चढवला आणि भिंतीकडेनं रांगलो. समोरच्या भिंतीच्या मध्यापासून थोडं डावीकडं, सामाईक भिंतीच्या उलट्या बाजूला, एक जागा सापडली, तिथं बास गिटार अगदी पायऱ्या उतरल्यासारखा एकेक सूर स्पष्ट. टीव्ही युनिट थोडं सरकवून सब तिथं बसवला. हाय लेव्हलनं जोडला, पोर्टमध्ये फोम घातला, नॉब ७० च्या थोडा वर, फेज ० ला मोठा आला.

डग्गा आता खालून वर सरळ चढतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात ना, तो ओलसर, खोल धुम आता पहिल्यांदा नीट ऐकू यायलाय, आणि तो संपतो पण वेळेवर, मागं रेंगाळत नाही. काचेचं पण सापडलं, टोन अॅप ४० पासून हळूहळू वर नेलं तर ४७ ला शोकेसची एकच काच वाजत होती, कडेला फेल्टच्या पट्ट्या लावल्या, शांत. बायको आता स्वतः अभंग लावायलीय.

दोन गोष्टी राहिल्या. ५६ च्या आसपास अजून थोडं फुगतंय, टोन लावल्यावर कळतं, गाण्यात क्वचित. आणि रात्री अगदी हळू ऐकताना सब मधेच बंद पडतो, आवाज वाढवला की परत चालू. बिघडलाय का? मित्राचा आहे म्हणून काळजी वाटायलीय.

खर्जवाला

५६ म्हणजे उंचीचा घूम, स्लॅब आणि फरशीमधला. सब जमिनीवर असणारच, म्हणून जागा बदलून तो फारसा जात नाही. हा इक्वलायझरचाच विषय, फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. स्वतःचा सब घेताना आत पॅरामेट्रिक इक्यू (हवा तोच सूर निवडून कमी जास्त करता येणारा इक्वलायझर) असलेला बघा, फोनच्या अॅपवरून करता येतो असे आता मिळतात, ५६ ला अरुंद पट्टीत ४-५ डेसिबल कापले की पुरे. मोजायचं असेल तर रूम इक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि यूएसबीवर चालणारा मोजणीचा माइक मिळतो. फोनच्या माइकवर बासचे आकडे धरू नका, बरेच फोन खालचे सूर स्वतःच गाळून टाकतात. एकाच सुराचं आधी आणि नंतर एवढी तुलना त्यावर चालते.

कधी पुढं मागं मन झालं तर एका मोठ्या सबऐवजी दोन मध्यम घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर पेपर लिहिलाय, अशा मांडणीत बसायची जागा बदलली तरी बास बराच सारखा राहतो.

होटगी_रोड

सब बिघडलेला नाही. मागं पॉवरचं बटण ऑन आणि ऑटो असं असेल, ते ऑटोवर आहे. सिग्नल फार बारीक झाला की ऑटोला वाटतं गाणं बंद झालं, मग तो झोपतो. तंबोरा आणि आलापी हळू आवाजात लावली की हमखास होतंय हे. बटण ऑनवर करा आणि ऐकून झालं की बोर्डावरूनच बंद करत जा.